अचलसेन राजाच्या बोलक्या साळुंक्या

एका राज्यात, जिथे नदी डोंगरातून येते आणि वारा समुद्रावरून येतो, तिथे अचलसेन नावाचा राजा होता. राजा न्यायी होता, शूर होता, पण स्वस्थ बसणे त्याला ठाऊक नव्हते. त्याला जुळी मुले झाली. पुत्राचे नाव इंद्रकेतू, कन्येचे वनलेखा. पुत्र घटकाभर आधी जन्मला, म्हणून तो थोरला. मुले बोलू-चालू लागली आणि राजाची झोप उडाली. पुत्र भित्रा निघाला तर? कन्या तोंडाळ निघाली तर? तो महालात येरझाऱ्या घाली, आणि राणी चारुमती खिडकीशी बसून त्याच्या जोड्यांचा आवाज ऐके. ती काही बोलत नसे.

अशा दिवसांत कर्णनाथ नावाचा मांत्रिक दरबारी आला. त्याचे कान खांद्यापर्यंत लोंबत होते आणि वारा नसतानाही हलत होते.

राजा म्हणाला, “माझ्या राज्यातले मुलगे निधड्या छातीचे व्हावेत. मुली शालीन व्हाव्यात. आणि आईबापांना त्यासाठी जिभा झिजवाव्या लागू नयेत.”

मांत्रिक म्हणाला, “होईल. पण महाराज, माझ्या विद्येला माप कळत नाही. एकदा सुरू झाली की कुठे थांबायचे, हे तिला समजत नाही.”

“थांबवायची कशाला?” राजा म्हणाला.

कर्णनाथाने झोळीतून सोन्याच्या चोचीची एक साळुंकी काढली आणि राजवाड्यात टांगली. ती वर्षभर काहीच बोलली नाही. वर्ष सरल्यावर तिला पिल्ले झाली, पिल्लांना पिल्ले झाली, आणि मांत्रिकाने घरोघर एकेक पिंजरा पोचवला. मग थोरल्या साळुंकीला घेऊन तो आपल्या डोंगराकडे निघून गेला.

दिवेलागण झाली की साळुंक्या गोष्टी सांगत. काय त्यांचा गळा, काय त्यांच्या गोष्टी! एका गोष्टीत वीराच्या छातीत बाण रुतला, पण त्याने पापणी लववली नाही. दुसऱ्या गोष्टीत राजकन्या मनोऱ्यात बसून राहिली, चकार शब्द बोलली नाही, आणि म्हणूनच ती सुंदर दिसली. मुले ताटावर बसून ऐकत, घास हातात तसाच राही. घरे शांत झाली. आईबाप म्हणत, “राजाने भले केले.”

काही वर्षे गेली. मग एके दिवशी कुंभाराचा मुलगा झाडावरून पडला. हात मोडला, पण तो रडला नाही. संध्याकाळी तो बाजेवर टेकला आणि बाज मधोमध मोडली. वैद्याने त्याच्या छातीला कान लावला, तर आत खडे वाजत होते. मुलगा जो अश्रू गिळी, त्याचा छातीत खडा होत असे.

त्याच सुमाराला सुताराची मुलगी गोमा गच्चीवर धुणे वाळत घालत होती. वारा आला. लुगडे उडाले तशी गोमाही उडाली. तिची आई पाठमोरी उभी राहून पिळे काढत होती. एक हाक ऐकू आली असती तर तिने वळून मुलीचा पाय धरला असता. पण मुलींनी ओरडायचे नसते, म्हणून गोमा ओरडली नाही. आईने वळून पाहिले तेव्हा ती कावळ्याएवढी दिसत होती. मुलगी जेवढे शब्द गिळी, तेवढे तिचे वजन उतरत असे.

मग राज्यात कुणाला चैन पडेना. बायका चुलीपाशीही आभाळाकडे पाहत. मुलींच्या परकरांच्या काठांत गोटे शिवले जात. मुलगे ओल्या रानातून चालताना गुडघ्यापर्यंत रुतत. कुणी पिंजरा झाकला, तर मुले जेवायला बसेनात. लोक राजाकडे गेले. राजा म्हणाला, “मुलगे भारदस्त झाले, मुली हलक्या पावलांच्या झाल्या. तक्रार कसली?” लोक परत गेले. पण त्या दिवसापासून राजा अधिकच येरझाऱ्या घालू लागला, कारण त्याच्या महालातही तेच चालले होते. इंद्रकेतूच्या पायाखाली संगमरवरी पायऱ्या तडकत होत्या. वनलेखेला रेशमी दोराने खांबाला बांधावे लागत होते, आणि राणी त्या दोराचे टोक बोटाला गुंडाळल्याशिवाय डोळा मिटत नव्हती.

राजाने मांत्रिकाला आणायला सैनिक धाडले. ते नदीवरूनच परतले. तिथली नावाडीण त्यांना नावेत घेईना.

तेव्हा वनलेखा भावाला म्हणाली, “दादा, आपण जाऊ.” तिचा आवाज इतका बारीक झाला होता की इंद्रकेतूला कान तिच्या ओठांशी न्यावा लागला.

“मी वाटेत रुतेन,” तो म्हणाला.

“मी वर ओढेन. तू मला धरून ठेव, म्हणजे मी उडणार नाही.”

इंद्रकेतूने दोर खांबावरून सोडला आणि आपल्या मनगटाला बांधला. पहाट फुटायच्या सुमारास दोघे निघाली. तो जमिनीवरून चालला, ती त्याच्या डोक्यावर हातभर उंच तरंगत चालली. पहारेकऱ्यांनी पाहिले, पण कुणी अडवले नाही. त्यांच्या घरीही मुले होती.

दोघे नदीवर आली. पाणी काळेशार होते आणि काठावर एक म्हातारी नावाडीण वल्हे मांडीवर घेऊन बसली होती.

“पार ने,” इंद्रकेतू म्हणाला.

नावाडीण म्हणाली, “ज्याला भीती वाटते त्यालाच मी नेते. तुला वाटते?”

“नाही.”

नावाडिणीने पाठ फिरवली. तिने मागे न पाहताच सांगितले, “या नदीत ओढ आहे. ज्याला भीती नाही तो नावेत उभा राहतो, वाकून पाहतो, नाव उलटवतो. तुझ्या बापाचे सैनिकही नाहीच म्हणाले.”

इंद्रकेतू काठावर उभा राहिला. उभ्या उभ्या तो घोट्यापर्यंत रुतला, मग पोटरीपर्यंत. वरून वनलेखा दोर ओढत होती. बोलायला तोंड उघडले की त्याच्या कानात साळुंकीची गोष्ट वाजे आणि तोंड आपोआप मिटे. चिखल गुडघ्याच्या वर आला.

“दादा, माझ्यासाठी,” वनलेखा पुटपुटली.

त्याने डोळे मिटले. “मला भीती वाटते,” तो म्हणाला. मग त्याला थांबता येईना. “पाण्याची वाटते. अंधाराची वाटते. लेखा उडून जाईल याची सगळ्यांत जास्त वाटते. दोर सुटेल म्हणून मी कितीतरी दिवस मूठ उघडलेली नाही.”

त्याला खोकला आला, आणि तोंडातून एक करडा खडा चिखलात पडला. त्याचे पाय सुटले. नावाडिणीने वल्हे उचलले आणि म्हणाली, “बस. मधोमध बस, आणि नावेचा काठ धरून ठेव.”

पलीकडे डोंगराची खिंड होती. खिंडीत एक राक्षस दोन्ही कड्यांना पाठ आणि पाय लावून बसला होता. तो इतका उंच होता की त्याच्या खांद्यांवर झाडे वाढली होती. त्या झाडांच्या फांद्यांत पतंग अडकावेत तशा मुली अडकल्या होत्या. वाऱ्याने उडून आलेल्या, राज्यातल्या मुली. त्यांत सुताराची गोमाही होती. कुणाच्या तोंडून आवाज नव्हता. त्या नुसत्या खाली पाहत होत्या.

इंद्रकेतू ओरडला, “बाजूला हो!”

राक्षस गडगडला, “मुलग्यांचे ओरडणे मी रोज ऐकतो. माझ्या सवयीचे झाले आहे. जो आवाज मी कधी ऐकला नाही, त्यानेच मी उठेन.”

इंद्रकेतूने बहिणीकडे पाहिले. वनलेखेने ओठ हलवले. काही ऐकू आले नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, आणि ती हातभर वर गेली. दोर ताणला गेला. शब्द गळ्याशी येत आणि परत जात. ओरडणारी मुलगी कशी दिसते, हे तिने कधी पाहिले नव्हते. ओरडताना तोंडाचे काय करायचे, हातांचे काय करायचे, हेही तिला माहीत नव्हते.

तिने गोमाकडे पाहिले. गोमाच्या शेजारी अडकलेल्या मुलीच्या परकराच्या काठात तिच्या आईने शिवलेला गोटा अजून होता. फांदीवर आपटून आपटून त्याने कापड फाटले होते.

वनलेखेला राग आला. तो पोटातून आला, छातीतून वर सरकला, आणि गळ्याशी थांबला नाही.

“ऊठ!” ती किंचाळली. “ऊठ म्हणते ना! आम्हांला जायचे आहे! मला नाही बसायचे मनोऱ्यात! नाही, नाही, नाही!”

तिचा आवाज फाटला, घोगरा झाला, अजिबात गोड राहिला नाही. कड्यावरची गिधाडे उडाली. राक्षसाने दचकून मान वळवली. वनलेखेचे पाय धपकन जमिनीवर आले आणि टाचा दुखल्या. तिला वाटले, हे दुखणे किती चांगले आहे.

“गोमा!” तिने वर पाहून हाक मारली. “तूही ओरड!”

आधी गोमा ओरडली, मग तिच्या शेजारची, मग साऱ्या. आरडाओरडा करत, एकमेकींना धरत, फांद्या मोडत त्या खाली उतरल्या. राक्षस कानांत बोटे घालून उठला आणि दुसरी, शांत खिंड शोधायला गेला. वनलेखेने मुलींना नावाडिणीकडे पाठवले आणि बहीण-भाऊ पुढे चालले.

कर्णनाथ आपल्या गुहेच्या दाराशी ऊन खात बसला होता. थोरली साळुंकी त्याच्या गुडघ्यावर होती.

इंद्रकेतूने तलवार काढली. “शाप मागे घे.”

“मी शाप दिला नाही,” मांत्रिक म्हणाला. “मी पाखरांना काही शिकवले नाही. मी त्यांना फक्त कान दिले. ही तुमच्या राजवाड्यात वर्षभर टांगली होती. तिने जे ऐकले त्याच्या तिने गोष्टी केल्या. ऐकायचे आहे?”

त्याने साळुंकीच्या डोक्यावरून बोट फिरवले. साळुंकी दोनदा खाकरली आणि पुरुषी, जड आवाजात बोलली, “शिंगरू मेले तर मेले. राजपुत्र रडत नाहीत. आत जा आणि तोंड धुऊन ये.”

इंद्रकेतूच्या हातातली तलवार खाली आली. बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय फक्त अचलसेनाला होती. आणि ते शिंगरू त्याचे होते. तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि त्याने तोंड धुतले होते.

साळुंकीने पंख झटकले. आता ती मऊ, दबक्या आवाजात बोलली, “हळू हस गं वनलेखे. तुझ्या बाबांना ऐकू जाईल. मी बघ, हसते का कधी?”

वनलेखा खाली बसली. “आईसाहेब,” ती म्हणाली.

मांत्रिक म्हणाला, “भीती बोललात, राग बोललात. ती दोन कामे तुमची होती, तुम्ही केलीत. तिसरे तुमच्याने होणार नाही. ज्या तोंडांनी हे शिकवले, त्याच तोंडांतून मुलांनी दुसरे काही ऐकले, तर सारे उतरेल. साळुंकी घेऊन जा. त्यापुढे माझी विद्या चालत नाही.”

दोघे परतली. नगरात आधीच पोचलेल्या मुलींच्या घरी आनंद चालला होता, पण तो टिकला नाही. संध्याकाळी साळुंक्या बोलू लागल्या आणि गोमाचे पाय पुन्हा चटईवरून उचलले गेले. इंद्रकेतूच्या छातीत काहीतरी खडखडले. वाटेत जे कमावले ते घरात एका संध्याकाळीच विरू लागले.

राजाने विचारले, “मांत्रिकाचे मस्तक कुठे आहे?”

“आणले नाही,” वनलेखा म्हणाली. “बाबा, गोष्टी त्याच्या नव्हत्या. तुमच्या होत्या. आईसाहेबांच्या होत्या.”

दरबारात राजकन्या एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. राजाचा चेहरा लाल झाला. “पाखरांचा दोष माझ्यावर?” तो म्हणाला. “नगरातले सारे पिंजरे उघडा. एकही साळुंकी उरता कामा नये. मग पाहू शाप कसा राहतो.”

दुसऱ्या दिवशी पिंजरे उघडले गेले. साळुंक्या थव्याने उडाल्या आणि वेशीबाहेरच्या झाडांवर जाऊन बसल्या. फक्त थोरली वनलेखेच्या खांद्यावर राहिली. ती तिथून हलेना. संध्याकाळ झाली. राजा स्वतः राणीला आणि मुलांना घेऊन चौकात आला. कुठेही गोष्ट ऐकू येत नव्हती. वारा मात्र वाढत चालला होता.

“पाहिले?” राजा म्हणाला.

चौकाच्या कडेला लहान मुले खेळत बसली होती. त्यांतला एक छोटा दगडावर चढला. बाकीची त्याच्याभोवती गोल करून बसली. छोटा दोनदा खाकरला आणि जड आवाज काढून सांगू लागला, “वीराच्या छातीत बाण रुतला, पण त्याने पापणी लववली नाही.” मग तो शेजारच्या मुलीकडे वळला. “तू गप्प बैस. तू मनोऱ्यातली आहेस.” मुलीने मान खाली घातली. वाऱ्याची झुळूक आली आणि ती सगळ्यांसमोर जमिनीपासून वर उचलली गेली. तिच्या बापाने धावत येऊन तिला झेलले.

राजा पाहत राहिला. ते खाकरणे त्याचे होते. या मुलाने राजाला कधी जवळून पाहिलेही नव्हते.

“यांना हे कुणी शिकवले?” तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

तेव्हा राणी पुढे झाली. “बस्स झाले, महाराज!” ती ओरडली.

सारा चौक वळला. राणीचा आवाज असा आहे, हे कुणालाच माहीत नव्हते. तिलाही नव्हते.

“मी सांगते कुणी शिकवले. तुम्ही येरझाऱ्या घालत होता आणि मी गप्प बसले होते. माझ्या मुलीने तेच पाहिले. मला वाटे, बोलले तर घर मोडेल. घर न बोलताच मोडले. या जुळ्यांच्या आधी आपल्याला एक मुलगी झाली होती. ती गेली, तेव्हा तुम्ही त्याच दुपारी दरबार भरवलात. मी एकटी रडले, तोंडात पदर कोंबून रडले. तिचे नाव तुम्ही पुन्हा घेतले नाहीत, मलाही घेऊ दिले नाहीत. आज घ्या. या मुलांच्या देखत घ्या.”

इंद्रकेतूने हे पहिल्यांदाच ऐकले. तो जड पावलांनी बापाजवळ गेला. “बाबा,” तो म्हणाला, “आमच्या ताईचे नाव काय होते?”

राजाने तोंड उघडले. त्याने राणीकडे पाहिले, मुलांकडे पाहिले, चौकातल्या लोकांकडे पाहिले. पळून जायला वाट असती तर तो गेला असता.

“मेघावली,” तो म्हणाला. “तिचे नाव मेघावली होते. माझे बोट धरून झोपायची. त्या सकाळीही मी बोट सोडवून दरबारात गेलो, आणि परत आलो तेव्हा...”

आणि राजा अचलसेन भर चौकात, धुळीत बसून, लहान मुलासारखा रडला. त्याच्या डोळ्यांतून आधी खडे पडले, मग पाणी आले. राणीने त्याचे डोके छातीशी धरले. ती त्याला उगी म्हणाली नाही.

मुले डोळे विस्फारून पाहत होती. दगडावरचा छोटा खाली उतरला, राजाजवळ आला, आणि त्यालाही रडू फुटले. कशाचे ते त्याला सांगता आले नाही. मग कुंभाराचा मुलगा रडला, मोडलेल्या हातासाठी, इतक्या दिवसांनी. गल्लीगल्लीतून खडे पडल्याचा आवाज येऊ लागला. आणि मुली बोलू लागल्या. सगळ्या एकदम, एकमेकींचे तोडत, आयांना जाब विचारत. ज्या छपरांपर्यंत चढल्या होत्या त्या बोलता बोलता कौलांवर टेकल्या. त्यांना उतरवायला शिड्या आणाव्या लागल्या.

थोरली साळुंकी वनलेखेच्या खांद्यावरून उडाली आणि वेशीबाहेरच्या झाडांवर गेली. तिने जे ऐकले होते ते तिने बाकीच्यांना सांगितले. दुसऱ्या सकाळी थवे गावोगाव गेले, आणि ज्या गावांनी राजाला कधी पाहिले नव्हते, तिथेही पारावर बसून माणसांनी ऐकले, की राजा रडला आणि राणी ओरडली, आणि आभाळ कोसळले नाही.

त्या राज्याला मार्गी लागायला वेळ लागला. काही बाप चिडले, काही आया घाबरल्या. आता मुलांना काय सांगावे, हे राजालाही कळेना. त्याने राणीला विचारले.

“आधी त्यांचे ऐकू,” राणी म्हणाली.

म्हणून संध्याकाळी राजवाड्याच्या अंगणात ती दोघे नुसती बसू लागली. जी मुले येत ती बोलत. एकदा एक मुलगी आली आणि म्हणाली, तिला नाव वल्हवायला शिकायचे आहे. एक मुलगा म्हणाला, त्याला धाकट्या भावाची वेणी घालायला आवडते आणि भावाचे केस अजून पुरेसे वाढलेले नाहीत. राजा हसला. हसता हसता त्याने विचारले, “मग तोवर कुणाची घालतोस?”

“आजोबांची,” मुलगा म्हणाला.

अशी त्या राज्याची घडी बसली, मुलगे हलके झाले, मुली जमिनीवर आल्या. त्यांचे जसे भले झाले, तसे ही गोष्ट ऐकणाऱ्या घरांचेही होवो.